स्मृतिचित्रे लिहिणारी आई : लक्ष्मीबाई टिळक



लक्ष्मीबाई टिळकांचा उतारा आपण वर्गात शिकवतो तेव्हा काय होतं, ते तुम्हीही पाहिलं असेल. मुलं हसतात. टिळकांचा भोळेपणा, पैसे हातात टिकू न देण्याची सवय आणि त्यावर बाईंची मिश्किल टिप्पणी, यात तास कसा संपतो ते कळत नाही. मीही अनेक वर्षं असंच शिकवत आलो. पण हे सगळं लिहिणारी बाई तेव्हा विधवा होती आणि ज्या माणसावर आपण हसतोय तो तिच्या आयुष्यातून कायमचा गेलेला होता, हे मी मुलांना कधी सांगितलंच नव्हतं. तुम्ही सांगता का? म्हणून आज हे चरित्र जरा दुसऱ्या टोकाकडून बघू.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले, लाडाने मनू. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाहेरून आलेली साखर आणि मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. आता तुम्हीच सांगा, मीठ धुतल्यावर उरणार काय? मुलं या ठिकाणीही हसतील, हसू द्या. पण ही गोष्ट लक्षात ठेवायला सांगा, कारण पुढे तिचा उपयोग आहे.

अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. मनूची लक्ष्मी झाली. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. टिळक कवी, विद्वान आणि मनाचे मोकळे, पण रागीट आणि लहरी. आज या गावी तर उद्या त्या गावी. कधी न सांगता निघून जायचे. घरात पैसा यायचा आणि तसाच कुणा गरजवंताच्या हाती जायचा. पोटची मुलं लहानपणीच गेल्याचं दुःखही या संसारात होतं. वाचलेला मुलगा देवदत्त, म्हणजे दत्तू.

१८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका सहप्रवाशाने टिळकांना बायबलचा नवा करार दिला. तिथून त्यांच्या मनात जे सुरू झालं त्याचा शेवट १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेण्यात झाला. लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या. ही बातमी त्यांच्यावर काय कोसळली असेल याची कल्पना करा. नवरा जिवंत, प्रेमाची पत्रं पाठवणारा. पण त्याच्या घरी जायचं म्हणजे जात, नातलग, देव, सगळं सोडायचं. न जावं तर लहान मुलाला घेऊन दुसऱ्यांच्या दारी राहायचं. काही काळ त्या पंढरपुरात नातलगांच्या आधाराने राहिल्या. सधवाही नाही आणि विधवाही नाही, अशी ती अवस्था. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातला पहिला वियोग हाच. १९१९ सालचा त्यानंतरचा.

पुढे त्या दत्तूला घेऊन नगरकडे, टिळकांच्या जवळ राहायला आल्या. पण आल्या त्या आपल्या सोवळ्यासकट. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी धर्मासाठी जबरदस्ती केली नाही. बाईंनी वाट पाहिली, निरखलं, स्वतःशीच वाद घातला. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला आणि मग जे सोडलं ते पूर्ण सोडलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, टिळकांनंतर तब्बल पाच वर्षांनी. नवरा गेला म्हणून बायको त्याच्यामागे गेली, असं सोपं करून हा भाग शिकवू नका. तसं झालेलं नाही.

मीठ धुणाऱ्या बापाच्या या लेकीच्या घरात नंतर नाना जातींची अनाथ मुलं वाढली. प्लेगच्या साथीत तिने आजाऱ्यांची सेवा केली. बालकवी ठोंबरे याच घरात राहिले, मुलासारखे. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले, तेव्हा अठ्ठाविशीही पूर्ण झाली नव्हती. त्यानंतर वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकही गेले. लक्ष्मीबाईंना तेव्हा एक्कावन्नावं वर्ष चालू होतं.

इथे जरा थांबू. आपल्या वर्गांत वडील गेलेली मुलं असतात, आणि पालकसभेला एकट्या येणाऱ्या आयाही असतात. कोल्हापुरात अमेरिकन मिशनचे वायल्डर १८५२ साली आले, त्यामुळे ख्रिस्ती कुटुंबं आपल्या उचगावच्या मुलांनाही अनोळखी नाहीत. तरी 'ख्रिस्ती' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे नाताळचा तारा येतो आणि 'विधवा' म्हटलं की जुन्या सिनेमातली रडणारी बाई. लक्ष्मीबाई या दोन्ही चित्रांत बसत नाहीत. नवरा गेल्यावर त्यांनी घर सांभाळलं, मुला-सुनेबरोबर काही काळ कराचीलाही राहिल्या, कविता केल्या. आणि आठवणी लिहिल्या.

त्या आठवणी कशा सुरू झाल्या ते बघा. देवदत्तांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी मागितल्या. म्हणजे विषय होता टिळकांचा. पण बाई लिहायला बसल्या आणि टिळकांबरोबर स्वतःलाही कागदावर आणत गेल्या. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली पुस्तकरूपाने आला. गेलेल्या नवऱ्याला देव करून ठेवायचा मोह विधवेला किती असतो! आपल्याकडे तर फोटोला हार घातला की माणसाचे सगळे दोष माफ. बाईंनी तसं केलं नाही. टिळकांचा संताप, विसरभोळेपणा, संसाराची ओढाताण, सगळं लिहिलं. स्वतःचा हट्ट आणि फजितीही लपवली नाही. तरी वाचून संपल्यावर टिळकांबद्दल मनात मायाच उरते. हे कसं साधलं, याचं उत्तर मला पूर्ण सापडलेलं नाही. एवढं दिसतं की ज्याच्यावर रागावता येत होतं त्याच्यावरच त्यांनी प्रेम केलं, आणि तो गेल्यावरही हे नातं बदललं नाही.

मुलांना घरी एक काम देऊन बघा. आजीला किंवा आईला घरातल्या गेलेल्या माणसाची एक आठवण विचारायची, पण त्याच्या मोठेपणाची नाही, खोडीची. पालकांनो, मुलगा असं विचारायला आला तर त्याला गप्प करू नका. उत्तर देताना डोळ्यांत पाणी आलं तरी चालेल. वहीत चार ओळी झाल्या तरी पुरे, शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत. लक्ष्मीबाईंनाही कुणी शुद्धलेखन शिकवलं नव्हतं.

राहता राहिली श्रद्धा. बाई त्याबद्दल फार बोलत बसल्या नाहीत, काम केलं. टिळक 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र लिहीत होते. सुरुवातीचे अकराएक अध्याय झाले आणि ते गेले. अपुरं हस्तलिखित घरात पडून राहिलं असतं तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण ज्या नवऱ्याने अक्षरं गिरवायला शिकवली, त्याचंच अर्धवट काव्य पुढे न्यायला लक्ष्मीबाई बसल्या आणि त्यांनी चौसष्ट अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. 'स्मृतिचित्रे'चा चौथा भाग त्यांच्या मागे निघाला. 'ख्रिस्तायना'चा शहात्तरावा, शेवटचा अध्याय दत्तूने लिहिला.