तामनरासेतचे घर

मुलांनो, भूगोलाच्या तासाला तुम्ही सहारा वाळवंटाचे नाव ऐकले असेल. या वाळवंटात, अल्जीरिया देशाच्या दक्षिणेस, होगार नावाचा उघडाबोडका डोंगराळ प्रदेश आहे. तेथे उन्हाने दगड तापतात. पाऊस क्वचितच पडतो. अशा ठिकाणी शार्ल द फुको हे फ्रेंच गृहस्थ आयुष्याची शेवटची अकरा वर्षे राहिले.

त्यांचा जन्म १८५८ साली झाला. आईवडील लहानपणीच वारले. आजोबांची पुष्कळ संपत्ती त्यांना मिळाली; पण सैन्यात असताना त्यांनी ती मेजवान्यांत उधळली. तेव्हा त्यांना कोणी साधा माणूस म्हटले नसते! पुढे १८८३-८४ मध्ये त्यांनी वेष पालटून मोरोक्कोत प्रवास केला. तेथे नमाजाची वेळ होताच सारी कामे सोडून ईश्वरापुढे झुकणारी माणसे त्यांनी पाहिली. आपली मात्र कशावरच श्रद्धा नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. ते पुन्हा आपल्या ख्रिस्ती धर्माकडे वळले आणि १९०१ मध्ये धर्मगुरू झाले.

१९०५ मध्ये ते होगारमधील तामनरासेत या लहानशा गावी आले. त्यांनी दगडमातीचे एक अरुंद घर बांधले. भरडलेले धान्य आणि खजूर हे त्यांचे जेवण. आसपास तुआरेग लोकांची वस्ती होती. हे लोक मुसलमान आहेत. त्यांच्यात पुरुष तोंडावर कापड घेतात, बायका घेत नाहीत! फुको त्यांना औषधे देत, धान्य वाटत. आपण या गरिबांना द्यायला आलो आहोत, असेच त्यांना वाटत असावे.

पण १९०७ मध्ये दुष्काळ पडला. फुकोंनी जवळचे धान्य भुकेल्यांना वाटले. १९०८ च्या जानेवारीत ते इतके आजारी पडले, की त्यांना हालताही येईना. तेव्हा काय झाले, ठाऊक आहे? शेजारी चार किलोमीटरपर्यंत हिंडले. ज्या शेळीला थोडेसे दूध होते, ती शोधून त्यांनी ते दूध फुकोंना पाजले. त्यांच्या घरी तरी दूध कुठे उरले होते? तरीही त्यांनी या परक्या माणसाला वाचवले.

अल्जीरियावर त्या वेळी फ्रान्सचे राज्य होते आणि फुकोंचे फ्रेंच सैन्यात मित्र होते, हेही आपण विसरू नये. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १ डिसेंबर १९१६ रोजी, सशस्त्र टोळीने त्यांना घराबाहेर पकडले. गोंधळात एका पहारेकऱ्याची गोळी लागून ते मरण पावले.

तामनरासेतला असताना ते रोज कित्येक तास एकच काम करत. शेजाऱ्यांकडून तुआरेग भाषेतील शब्द आणि कविता ऐकत व लिहून ठेवत. त्यांचा तुआरेग-फ्रेंच शब्दकोश १९५१-५२ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात फुकोंच्या हस्ताक्षरातील पाने जशीच्या तशी छापली आहेत.