पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री आणि इंग्रजीची पहिली पायरी

मराठी वृत्तपत्रांचे जनक ही बाळशास्त्री जांभेकरांची ओळख महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाची आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले आणि तो दिवस आजही पत्रकार दिन म्हणून साजरा होतो. त्यामानाने त्यांचे शिक्षक म्हणून झालेले कार्य उपेक्षितच राहिले. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी विद्यार्थी घडवले, पाठ्यपुस्तके लिहिली, शाळा तपासल्या आणि अखेरीस शिक्षकांनाच शिकवण्याचे काम अंगावर घेतले. मुलाला इंग्रजी केव्हा शिकवावे, कोणी शिकवावे आणि मातृभाषेचे काय करावे, हे प्रश्न त्यांच्या पिढीपुढे प्रथमच उभे राहिले होते. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी इंग्रजी वाचनाचा किंवा ‘फोनिक्स’चा वर्ग निवडताना आजच्या पालकांची जी घालमेल होते, तिचे मूळ त्या काळात सापडते.

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ चा. गाव पोंभुर्ले, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यातले. त्याच वर्षी कोल्हापूरकरांशी झालेल्या तहाने मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि विजयदुर्गही त्यांच्या हाती आला. म्हणजे बाळशास्त्री मुळाक्षरे गिरवीत होते त्याच सुमारास त्यांच्या किनाऱ्यावरचे निशाण बदलत होते. नव्या राज्यकर्त्यांची भाषा मात्र अजून कोकणातल्या घरांपर्यंत पोहोचलेली नव्हती.

वडील गंगाधरशास्त्री हे नामांकित पुराणिक. घरातच विद्येचे वातावरण होते. त्या काळी मुलांचे शिक्षण पंतोजींच्या शाळेत किंवा घरीच होत असे. धुळपाटीवर अक्षरे गिरवायची, मोठ्याने पाढे म्हणायचे आणि मोडीचे वळण बसवायचे, असा तो क्रम. बाळशास्त्रींना मराठी आणि संस्कृतचे पहिले धडे वडिलांकडूनच मिळाले. पुराणिकाच्या घरातील मुलाच्या कानावर गोष्टी, श्लोक आणि त्यांचे निरूपण अहोरात्र पडत असणार. शब्द ऐकावा, तो उच्चारावा, त्याचा अर्थ उमगावा आणि मग तो अक्षरांत ओळखावा, हा भाषाशिक्षणाचा स्वाभाविक मार्ग त्यांना विनासायास लाभला. देवनागरी लिपीचीही त्यास अनुकूलता होती, कारण तिच्यात अक्षराचे नाव आणि त्याचा ध्वनी बहुतांशी एकच असतात.

तेराव्या-चौदाव्या वर्षी ते मुंबईस आले. मुंबईत त्या वेळी मोठे शैक्षणिक स्थित्यंतर घडत होते. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या प्रोत्साहनाने १८२२ मध्ये देशी लोकांसाठी शाळा व शालेय पुस्तके यांची सोसायटी स्थापन झाली होती. पुढे १८२७ पासून ती ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मराठीतून पुस्तके तयार करायची, ती छापायची आणि त्याच वेळी निवडक विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवायचे, असे तिचे दुहेरी धोरण होते. सोसायटीचे नेटिव्ह सेक्रेटरी सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांचा आधार कोकणातून आलेल्या या मुलाला मिळाला. ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ ही छत्रे यांची मराठी पुस्तके १८२८ मध्ये प्रसिद्ध झाली. इंग्रजी उत्तम जाणणारा हा गृहस्थ आपली विद्या मराठी मुलांसाठी गोष्टी लिहिण्यात खर्च करीत होता. बाळशास्त्रींपुढे हा आदर्श कोवळ्या वयातच उभा राहिला.

इंग्रजी त्यांनी झपाट्याने आत्मसात केली. तिच्या आधारे ते गणित, भूगोल, इतिहास आणि खगोल या विषयांत शिरले. पुढे फारसी, गुजराती, बंगाली, कानडी या भाषांचा आणि लॅटिन, फ्रेंच यांचाही त्यांनी अभ्यास केला. १८३० मध्ये, अठराव्या वर्षी, ते सोसायटीचे डेप्युटी नेटिव्ह सेक्रेटरी झाले आणि दोनच वर्षांनी बापू छत्रे यांनी भूषवलेले नेटिव्ह सेक्रेटरीचे पद त्यांच्याकडे आले. अक्कलकोटच्या युवराजांना शिकवण्याचे कामही त्यांनी काही काळ केले.

‘दर्पण’चा जन्म याच काळातला. आरंभी पाक्षिक असलेले हे पत्र काही महिन्यांतच साप्ताहिक झाले. त्याच्या पानावर दोन स्तंभ असत, एक मराठीचा आणि दुसरा इंग्रजीचा. राज्यकर्त्यांना इथल्या लोकांचे म्हणणे कळावे आणि लोकांना नवी विद्या व जगातील घडामोडी कळाव्यात, हा त्यामागचा हेतू होता. त्या दोन स्तंभांत बाळशास्त्रींची भाषाविषयक भूमिकाच छापली गेली होती. इंग्रजी यावी आणि तिच्यातले ज्ञान मराठीत उतरावे, असा त्यांचा आग्रह होता. ‘दर्पण’ १८४० मध्ये बंद पडले, तेव्हा त्याच वर्षी त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मराठीतील पहिले मासिक काढले आणि त्यातून शास्त्रीय विषय मराठी वाचकांपुढे मांडले.

१८३४ मध्ये त्यांची एल्फिन्स्टनच्या महाविद्यालयीन वर्गांसाठी साहाय्यक प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. त्या पदावर नेमले गेलेले ते पहिले भारतीय. वय बाविशीतले. दादाभाई नौरोजी हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक होत. वरच्या वर्गांत इंग्रजीतून गणित शिकवणारा हा प्राध्यापक लेखनासाठी मात्र पुन्हा मुलांकडे वळला. ‘बालव्याकरण’, ‘नीतिकथा’, ‘सारसंग्रह’, ‘इंग्लंड देशाची बखर’, ‘शून्यलब्धिगणित’ ही त्यांच्या पुस्तकांची नावेच त्यांचा आवाका सांगतात. ज्ञानेश्वरीची पहिली छापील आवृत्तीही १८४५ मध्ये त्यांच्याच संपादनाखाली शिळाछापावर निघाली.

त्यांच्या समकालीन पालकांना इंग्रजीचा मोह होता आणि तिची भीतीही होती. सरकारी नोकरीची वाट त्या भाषेतून जात होती, तर मिशनऱ्यांच्या शाळेत गेलेला मुलगा धर्म सोडील अशी धास्ती घराघरांत होती. १८४३ मध्ये ही भीती खरी ठरली. नारायण आणि श्रीपाद शेषाद्री हे दोघे ब्राह्मण भाऊ मिशनऱ्यांच्या सहवासात होते. थोरल्या नारायणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तर अल्पवयीन श्रीपादला न्यायालयाने वडिलांच्या स्वाधीन केले. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या या मुलाला जातीत परत घेण्यास सनातनी मंडळींनी विरोध केला. बाळशास्त्री त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे यासाठी त्यांनी स्वजनांचा रोष पत्करला. शिकायला गेलेल्या पोराची शिक्षा त्याच्या आयुष्याला होऊ नये, ही भूमिका घेण्याची किंमत त्या काळात लहान नव्हती.

शिक्षणाच्या माध्यमाचा वादही तेव्हाच पेटू लागला होता. १८३५ मध्ये मेकॉले यांनी कलकत्त्याहून इंग्रजीच्या बाजूने कौल दिला होता. मुंबई इलाख्यात देशी भाषांची परंपरा अधिक बळकट असल्याने येथे तो वाद लांबला. १८४७-४८ मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने, तर कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने उभे ठाकले. या निर्णायक वादाच्या वेळी बाळशास्त्री हयात नव्हते. परंतु मराठीतून शास्त्रे शिकवता येतात, हा दावा ज्या पुस्तकांच्या बळावर करता आला, त्यांत त्यांचा वाटा मोठा होता.

आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात त्यांनी जे काम स्वीकारले ते सर्वांत कमी चर्चिले गेले. १८४५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणारा ‘नॉर्मल क्लास’ सुरू झाला आणि त्याची सूत्रे बाळशास्त्रींकडे आली. शाळा तपासनीस म्हणूनही त्यांनी काम केले. पुस्तके झाली, शाळा झाल्या, तरी वर्गात उभा राहणारा माणूस तयार नसेल तर सारे व्यर्थ, हा त्या कामामागचा विचार स्पष्ट आहे. हे रोप वाढण्यापूर्वीच, मे १८४६ मध्ये, त्यांचे मुंबईत निधन झाले.

बाळशास्त्रींच्या चरित्राकडे आजच्या पालकाने पाहावे ते याच अंगाने. १९८१ मध्ये रत्नागिरीपासून वेगळ्या झालेल्या त्यांच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात घरात मालवणी, शाळेत प्रमाण मराठी आणि शिकवणीत इंग्रजी अशा तीन वाटांवर एकच मूल चालत असते. महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आली. त्यामुळे इंग्रजी केव्हा, या प्रश्नाची धार पुष्कळ बोथट झाली आहे. तेराव्या वर्षी इंग्रजी शिकून बाळशास्त्री विद्वान झाले, म्हणून आजच्या मुलालाही तोवर थांबवावे, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. ते असामान्य बुद्धीचे होते आणि त्यांचा काळही वेगळा होता. मात्र त्यांच्या शिक्षणाचा क्रम विचारात घेण्याजोगा आहे. अर्थाने भरलेली एक भाषा आधी पक्की झाली आणि दुसरी तिच्या खांद्यावर बसली.

‘फोनिक्स’ पद्धतीची मर्यादा येथेच ध्यानात येते. इंग्रजीत अक्षरे सव्वीस आणि ध्वनी सुमारे चव्वेचाळीस. शिवाय अक्षराचे नाव एक आणि उच्चार दुसरा. ‘एच’ या नावात ‘ह’ शोधूनही सापडत नाही. म्हणून ध्वनी आणि अक्षर यांची सांगड पद्धतशीर घालून देणे उपयुक्त ठरते, आणि इंग्लंडच्या शाळांनी २००६ नंतर या पद्धतीचा ठामपणे अवलंब केला तो त्यामुळेच. पण तिथल्या मुलाने ध्वनी जुळवून शब्द उच्चारला की तो शब्द त्याच्या ओळखीचा निघतो, कारण ती भाषा तो घरी बोलत असतो. देवगडच्या किंवा दादरच्या चार वर्षांच्या मुलाने ‘न’, ‘ए’, ‘ट’ जोडून ‘नेट’ म्हटले, तरी त्या शब्दामागचे जाळे त्याला दिसेलच असे नाही. त्याला वाचता आले असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात त्याने उच्चार केलेला असतो, वाचन अद्याप दूर असते.

त्यामुळे वर्ग निवडताना फलक, गणवेश आणि संचाची किंमत यांपेक्षा काही साध्या गोष्टी पाहाव्या लागतात. शिकवणाऱ्या व्यक्तीचे लहान मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण झाले आहे का? अक्षरांआधी गाणी, गोष्टी आणि बोलणे यांना वेळ दिला जातो का? नवा शब्द मुलाच्या मराठीशी किंवा मालवणीशी जोडला जातो, की घरची भाषा बोलल्याबद्दल त्याला गप्प केले जाते? लिहिण्याची सक्ती बोटांत बळ येण्यापूर्वीच होते का? या प्रश्नांची उत्तरे तासभर वर्गात बसून मिळू शकतात. जो वर्ग पालकांना बसू देत नाही, त्याचे उत्तरही त्यातच मिळते. आणि वर्ग परवडत नसेल, तर रोज रात्री घरच्या भाषेत सांगितलेली गोष्ट ही त्या वयाची खरी पूर्वतयारी होय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मुलाच्या घरच्या भाषेतून शिकवावे असे सुचवले, तेही याच अनुभवाला धरून आहे.

पोंभुर्ल्यात आज बाळशास्त्रींचे स्मारक आहे आणि दर वर्षी पत्रकार तेथे त्यांना वंदन करतात. शिक्षक आणि पालकांनीही तेथे जावे, इतके त्यांचे या दोघांवर ऋण आहे. इंग्रजीची कास धरताना त्यांनी मराठीचा हात सोडला नाही, आणि आयुष्यातले शेवटचे काम म्हणून शिक्षक घडवण्याचे काम पत्करले. पावणेदोनशेहून अधिक वर्षांनंतरही मुलाच्या पहिल्या वर्गाची निवड करताना भाषेइतकेच शिकवणाऱ्याकडे पाहावे लागते, ही शिकवण त्यांच्या चरित्रातच आहे.