प्रोस्टेटच्या बायोप्सीत सुई कुठे चाललीय हे दिसतं, त्यामागे आहेत पिएर क्युरी

पिएर क्युरी म्हटलं की मादाम क्युरींचे पती आणि रेडियम, एवढंच बहुतेकांना आठवतं. पण रेडियमच्या १८ वर्षं आधी त्यांनी लावलेला एक शोध आज जगभरातल्या हॉस्पिटलमध्ये रोज वापरला जातो.

पिएर यांचा जन्म १५ मे १८५९ चा, पॅरिसमधला. वडील डॉक्टर. त्यांनी या तंद्रीत राहणाऱ्या मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवलं. अठराव्या वर्षी पिएर पदवीधर झाले.

१८८० मध्ये त्यांनी आणि मोठा भाऊ जॅकने क्वार्ट्झसारखे स्फटिक दाबून पाहिले. दाब पडला की त्यावर वीज तयार व्हायची. पुढच्या वर्षी उलटंही सिद्ध झालं. वीज दिली की स्फटिकाचा आकार किंचित बदलतो. यालाच पिझोइलेक्ट्रिसिटी म्हणतात.

याचा मोठा उपयोग पुढे घरातच झाला. १८९५ मध्ये लग्न झाल्यावर मेरी यांनी किरणोत्सर्ग मोजला, तो या भावांच्या क्वार्ट्झच्या उपकरणाने. १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम सापडलं, १९०३ मध्ये नोबेल मिळालं. फ्रान्स सरकारचा 'लीजन ऑफ ऑनर' मात्र पिएर यांनी नाकारला. त्यांना पदक नको होतं, प्रयोगशाळा हवी होती. १९ एप्रिल १९०६ रोजी पावसात रस्ता ओलांडताना ते घोडागाडीखाली आले. वय होतं अवघं ४६.

त्यांचेच विद्यार्थी पॉल लांजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधायला क्वार्ट्झ वापरलं. वीज देऊन स्फटिक थरथरवायचा, आवाजाच्या लहरी पाण्यात सोडायच्या आणि परत आलेला प्रतिध्वनी त्याच स्फटिकाने टिपायचा. पुढे हेच तंत्र शरीराकडे वळलं आणि सोनोग्राफी आली. आजच्या प्रोबमध्ये क्वार्ट्झऐवजी खास सिरॅमिक असतं, तत्त्व तेच.

आता बायोप्सीकडे येऊ. प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाखाली, गुदाशयाच्या पुढे असते. गुदद्वारातून प्रोब घातला की ग्रंथी आणि सुई दोन्ही पडद्यावर दिसतात. अडचण एकच, सोनोग्राफीत गाठ बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून ठरावीक जागांवरून १० ते १२ नमुने घेतात. त्यात धोकादायक गाठ निसटू शकते.

यावरचा उपाय म्हणजे आधी एमआरआय. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रिसिजन' चाचणीत ५०० पुरुष होते. एका गटात आधी एमआरआय काढून फक्त संशयास्पद जागेतून नमुने घेतले, तर दुसऱ्या गटात नेहमीची बायोप्सी केली. उपचार करावा लागेल असा कॅन्सर पहिल्या गटात ३८ टक्के जणांत सापडला, दुसऱ्यात २६ टक्के. फारसा धोका नसलेला कॅन्सर मात्र पहिल्या गटात ९ टक्के, दुसऱ्यात २२ टक्के जणांत निघाला. शिवाय एमआरआयमध्ये संशयास्पद काही न दिसलेल्यांची बायोप्सी टळली.

मग सोनोग्राफी संपली का? नाही. एमआरआय मशीनमध्येच सुई घालता येते, पण त्यात वेळ आणि खर्च जास्त. म्हणून फ्युजन बायोप्सीत एमआरआयचं चित्र सोनोग्राफीच्या चालू चित्रावर बसवतात. गाठ कुठे आहे ते एमआरआय सांगतं, सुई तिथे पोहोचली का ते सोनोग्राफी दाखवते.

त्यामुळे घरात कुणाला ही बायोप्सी सांगितली असेल, तर आधी एमआरआय करायचा का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.