रुपयाचें मोल आणि डॉ. आंबेडकर

भंडाऱ्याचा भांडीवाला काय किंवा तुमसरचा धानाचा व्यापारी काय, दिवसाअखेर रोजमेळ मिळविल्यावांचून तो पेढीवरून उठत नाहीं. परंतु ज्या रुपयांत हिशेब मांडला त्या रुपयाचेंच मोल उतरत असेल, तर बिनचूक रोजमेळाचा उपयोग काय? या प्रश्नासाठीं ज्यांनीं आपलें तारुण्य वेंचलें, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर होत. त्यांच्या चरित्राची ही बाजू आमच्या वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

१८९१ सालीं महू येथें जन्मलेल्या या पुरुषानें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत व पुढें लंडन येथें अर्थशास्त्राचें अध्ययन केलें. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२३ सालीं प्रसिद्ध झाला. सरकारनें १८९३ सालीं टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद केल्या; परंतु स्वतः रुपये पाडण्याची मोकळीक राखून ठेविली. अनर्थाचें मूळ या मोकळिकींत आहे, असें त्यांनीं दाखविलें. नाणें बेसुमार वाढलें कीं महागाई वाढते, आणि तिचा मार मजुरावर व ठराविक पगारदारावर पडतो. १९२५ सालीं शाही चलन आयोगापुढें साक्ष देतांना, टांकसाळ लोकांप्रमाणेंच सरकारासही बंद करावी, असें त्यांनीं निर्भीडपणें सांगितलें.

ते अनिर्बंध व्यापाराचे कैवारी मात्र नव्हते. मूळ उद्योगधंदे व शेती सरकारच्या ताब्यांत असावी, अशी मागणी त्यांनीं १९४७ सालीं केली. सरकारवर एवढा भार टाकणाऱ्यानेंही तिजोरीस कुलूप मागावें, यांतच त्यांच्या विचाराचें वजन आहे. घटनेच्या कलम २९२ अन्वयें सरकारच्या कर्जास मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेस आहे. आणि सरकारचा जमाखर्च तपासणारा महालेखापरीक्षक हा बहुधा घटनेंतील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी होय, असें मत त्यांनीं १९४९ सालीं घटना समितींत मांडलें.

१९५४ सालीं ते याच भंडाऱ्यांतून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले व पराभूत झाले. १९५६ सालीं दिल्लीस त्यांचें निधन झालें. ज्या जिल्ह्यानें त्यांस निवडून दिलें नाहीं, त्यानें निदान त्यांचा प्रश्न तरी अव्हेरूं नये, एवढाच आमचा आग्रह आहे. मत मागावयास येणारा प्रत्येक जण कांहीं ना कांहीं देऊं करतो. तो पैसा करांतून, कर्जांतून कीं नव्या नोटांतून येणार, हें त्यास अवश्य विचारावें. सरकारचा रोजमेळ तपासणें हें व्यापाऱ्याचेंच नव्हे, तर प्रत्येक नागरिकाचें कर्तव्य होय.