स्मृतिचित्रांतला दत्तू

‘स्मृतिचित्रे’ वाचताना दत्तू आपल्या शेजारचाच वाटतो. १८९५ साली वडील, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई ह्या लहानग्याला घेऊन काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे दत्तूचे काय झाले, हे आपण सहसा विचारीत नाही.

तो झाला देवदत्त नारायण टिळक. घरीच अक्षरे गिरविलेल्या आईला आठवणी लिहावयास लावले ते त्यांनीच. पहिला भाग १९३४ साली निघाला. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या, तेव्हा अपुरे राहिलेले लेखन त्यांनी पुरे केले.

१९५२ मध्ये त्यांनी लुईस कॅरोलच्या ॲलिसला मराठीत आणले. पुस्तकाचे नाव ‘जाईची नवलकहाणी’. ॲलिसची जाई झाली आणि सशामागे बिळात उतरणारी पोर आपल्या अंगणातली झाली! काम सोपे नव्हते. मूळ गोष्टीत उंदीर आपली कहाणी सांगतो आणि ॲलिस त्याच्या शेपटीकडे बघत बसते. कारण इंग्रजीत दोहोंचा उच्चार एकच. मराठीत कहाणी कुठे नि शेपूट कुठे! शिवाय तिकडच्या शाळकरी कवितांची विडंबने. मूळ कविताच ज्याला पाठ नाही, त्याला हसू कशाचे येणार? तिथे शब्दकोश काय कामाचा?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. घाटकोपरच्या आमच्या खोलीत आईला ही गोष्ट सांगू लागले, तर ॲलिस हे नाव तिच्या जिभेवर बसेना. जाई म्हटले मात्र, आणि भाजी निवडता निवडता तिने विचारले, पोर बिळातून बाहेर आली ना?