दोम पेरिन्यों : ओव्हिलेर मठाचे कोठारी

देवमंदिराच्या ज्युबिलीनिमित्त निघालेल्या पुस्तकांत संतांचीं व मिशनरींचीं चरित्रें असावयाचीं. त्यांत द्राक्षारस बनविणाऱ्या एका मठवाशाचें चरित्र पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या द्राक्षारसावांचून आम्हां धर्मगुरूंस ख्रिस्तयाग अर्पितां येत नाहीं, त्याची पारख करण्यांत ज्यांनीं सारें आयुष्य वेंचलें, त्या पुरुषाची आपणांस खरी ओळख नसावी हें बरें नव्हे. खरी म्हणण्याचें कारण असें कीं त्यांची खोटी ओळख जगभर पसरलेली आहे.

पियेर पेरिन्यों यांचा जन्म फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतांत सेंत-मनू या गांवीं १६३८ सालाच्या अखेरीस झाला. बाप्तिस्मा ५ जानेवारी १६३९ रोजीं. वडील कचेरींत कारकून होते व घरचे द्राक्षमळेही होते. पियेर तान्हे असतांनाच मातोश्री निवर्तल्या. येशूसंघीयांच्या विद्यालयांत शिक्षण झाल्यावर एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनीं व्हर्दून येथील बेनेडिक्टाइन मठांत प्रवेश केला. १६६८ सालीं त्यांस ओव्हिलेर येथें पाठविण्यांत आलें. तेथें त्यांस कोठाऱ्याचें काम मिळालें आणि तें त्यांनीं मरेपर्यंत, म्हणजे ४७ वर्षें केलें.

ओव्हिलेर हें मार्न नदीवरील टेकडीच्या उतारावरचें गांव. मठ सातव्या शतकांतला, आणि सम्राट् कॉन्स्टंटाइनच्या मातोश्री संत हेलेना यांचे अवशेष तेथें ठेविलेले असल्यानें यात्रेकरूंची तेथें ये-जा असे. मठाच्या कोठाऱ्याकडे धान्य, पैसा, जमीनजुमला, सर्व कांहीं असावयाचें. संत बेनेडिक्ट यांनीं आपल्या नियमांत कोठाऱ्यास बजावून ठेविलें आहे कीं, मठांतील साधें भांडेंही वेदीवरच्या पवित्र पात्रासारखें जपावें. पेरिन्यों यांनीं हा नियम द्राक्षाच्या घडास लागू केला, असें मला वाटतें.

मठाचे स्वतःचे मळे होतेच. शिवाय आसपासच्या गांवांतून दशमांशाच्या रूपानें द्राक्षें येत. एका उतारावरचीं आंबट, दुसऱ्यावरचीं गोड. एकांत वास, दुसऱ्यांत जोर. सामान्य माणूस तीं सारीं एकत्र लोटून मोकळा झाला असता. पेरिन्यों यांनीं काय केलें हें त्यांचे शिष्य ब्रदर पियेर यांनीं लिहून ठेविलें आहे. फळ पिकूं लागलें म्हणजे ते बहुधा रोज मळ्यांत जात. पण तेथें चव घेत नसत. निवडक मळ्यांतलीं द्राक्षें मागवून रात्रभर आपल्या खिडकींत उघड्यावर ठेवीत व दुसऱ्या दिवशीं सकाळीं अनशापोटीं चाखीत. रात्रीच्या गारव्यानें फळ थंड झालेलें, जिभेवर अन्नाचा लवलेश नाहीं : अशा वेळीं जी चव लागेल तीच खरी. मग त्या वर्षीं थंडी किती पडली, पाऊस कसा झाला, हंगाम लवकर आला कीं उशिरां, हें ध्यानांत घेऊन कोणतीं द्राक्षें कोणाबरोबर घाण्यांत घालावयाचीं तें ठरवीत. म्हणजे द्राक्षारस तयार होण्यापूर्वींच त्यांनीं तो मनांत चाखलेला असे! (माझी स्वतःची पारख एवढीच कीं, गेल्या वैशाखांत वेदीसाठीं ठेविलेल्या बाटलीचा शिरका झाला होता, तो मला पहिल्याच थेंबास ओळखतां आला.)

त्यांच्या मृत्यूनंतर १७१८ सालीं निघालेल्या एका पुस्तकांत जे नियम आहेत ते त्यांचेच म्हणून सांगतात. वेल तीन फुटांवर वाढूं देऊं नये. तोडणी सकाळच्या गारव्यांत करावी. चेंगरलेलें फळ टाकून द्यावें. घोडा बुजरा म्हणून ओझें खेंचरावर किंवा गाढवावर लादावें. फळ पायांनीं तुडवूं नये. तें हलकेंच व त्वरेनें दाबावें, म्हणजे काळ्या द्राक्षांच्या सालीचा रंग रसांत उतरत नाहीं.

आतां बुडबुड्यांची गोष्ट. फेसाळणारी शॅम्पेन पेरिन्यों यांनीं शोधून काढली, असें ज्याच्या त्याच्या तोंडीं आहे. वस्तुस्थिति उलट आहे. त्या प्रांतांत हिवाळा कडक. थंडीनें रस आंबण्याची क्रिया अर्धवट थांबे आणि वसंतांत बाटलींत पुन्हां सुरू होई. त्यानें फेस येई, बाटल्या फुटत व माल वाया जाई. पेरिन्यों यांच्या दृष्टीनें हा दोष होता व तो टाळण्याचीच त्यांची खटपट होती. साखर घालून मुद्दाम फेस आणण्याची रीत इंग्लंडांत मेरेट नांवाच्या विद्वानानें १६६२ सालींच, म्हणजे पेरिन्यों ओव्हिलेरला येण्याच्या सहा वर्षें आधीं, नमूद करून ठेविली होती. ते आंधळे होते ही कथाही निराधार आहे. ताऱ्यांविषयींचे जे प्रसिद्ध उद्गार त्यांच्या नांवावर खपतात ते तर फार पुढच्या काळांतल्या जाहिरातींतले. दंतकथेचा पाया घातला तो फ्रेंच राज्यक्रांतींत मठांतून बाहेर पडावें लागलेल्या दोम ग्रोसार यांनीं. १८२१ सालच्या एका पत्रांत त्यांनीं आपल्या पूर्वसूरींचा महिमा असा वाढवून सांगितला. उद्ध्वस्त झालेल्या घराविषयींचें तें प्रेम मी समजूं शकतों. तरी असत्यानें कोणाही मठवाशाचा गौरव होत नाहीं, आणि ह्या मठवाशास तर त्याची गरजच नव्हती. १९३६ पासून एका व्यापारी कंपनीच्या अति महाग बाटल्यांवर त्यांचें नांव झळकत आहे. त्या उघडणाऱ्यांपैकीं किती जणांस तो मनुष्य धर्मगुरू होता हें ठाऊक असेल?

पेरिन्यों यांच्या कारकीर्दींत मठाचे मळे दुप्पट झाले. सप्टेंबर १७१५ मध्यें, राजा चौदावा लुई वारला त्याच महिन्यांत, ते प्रभूकडे गेले. मठाचें देवालय आतां गांवचें देवालय आहे. तेथें काळ्या शिळेखालीं त्यांचा देह आहे. शिळेवरील लॅटिन लेखांत त्यांचीं ४७ वर्षें, चोख कारभार, सद्गुण व विशेषेंकरून गोरगरिबांवरचें पित्यासारखें प्रेम, एवढेंच कोरलें आहे. द्राक्षारसाचा उल्लेख नाहीं.