मजूरमंत्री बाबासाहेब आणि बोईसरचा कामगार

बाबासाहेब परळच्या चाळीत गिरणी कामगारांच्या शेजारात वर्षानुवर्षे राहिले. काम सुटले की घरात काय होते, हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत संप झाला, त्यात ते पुढे होते. १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री होते. आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले ते १९४६ मध्ये. त्यांच्याच खात्याने प्रा. अडारकरांकडून कामगार आरोग्यविम्याची योजना करून घेतली. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. आपण मात्र जयंतीला घटनाकारच आठवतो.

बोईसर-तारापूरची कंपनी उद्या दुसऱ्या राज्यात हलली, तर बेकार झालेल्या विमाधारकाला याच कामगार विम्याचा आधार आहे. २०१८ च्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत, योजना चालू असेल आणि अटी पूर्ण असतील तर, सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के भत्ता जास्तीत जास्त ९० दिवस मिळतो. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला मात्र तो नाही. म्हणून पालघरच्या मित्रांनो, बदली नाकारताना व्यवस्थापनाने पुढे केलेल्या कागदावर सही करण्याआधी तो युनियनला दाखवा.